जिंकूनही उंबऱ्याबाहेर : माउंटन वेस्ट कॉन्फरन्सचं प्रकरण

जानेवारी २०११. कॅलिफोर्नियातल्या रोझ बोलमध्ये, म्हणजे अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या मोसमाअखेरच्या एका मानाच्या सामन्यात, टेक्सास क्रिश्चन युनिव्हर्सिटीने, म्हणजे टीसीयूने, विस्कॉन्सिनला २१-१९ असं हरवलं. त्याच महिन्यात बडोद्याला राजस्थानने रणजी करंडक उचलला, तोही प्लेट गटातून वर येऊन. राजस्थान पुढच्या मोसमात एलिट गटात बसला. कुणाची विनवणी नाही, कुणाची शिफारस नाही. टीसीयू मात्र तोपर्यंत आपली कॉन्फरन्स, म्हणजे विद्यापीठांचा गट, सोडायची असं ठरवून बसली होती. अपराजित राहून, देशात दुसरा क्रमांक मिळवूनही ज्या कॉन्फरन्समधून ती खेळत होती तिला वरच्या वर्गात जागा नव्हती. त्या कॉन्फरन्सचं नाव माउंटन वेस्ट.

छोटी कॉन्फरन्स बड्यांच्या रांगेत जाऊन बसू शकते का, हा अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमधला जुना वाद आहे. त्यावर सांगोवांगीची मतं खूप आहेत. पण हा प्रयत्न नियम वाचून, हिशेब मांडून, ठरवून केलेलं एकच ठळक उदाहरण म्हणजे २००४ ते २०१२ मधलं माउंटन वेस्ट. तिथे काय घडलं ते नीट पाहिलं की बरंच काही कळतं.

आधी मैदानाबाहेरची रचना. आपल्याकडे बीसीसीआयसारखी एक मध्यवर्ती संस्था गट पाडते आणि निकालानुसार संघ वर-खाली करते. अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये तसं कुणीच नाही. कॉन्फरन्स म्हणजे आठ-दहा-सोळा विद्यापीठांनी मिळून केलेली मंडळी. तीच वेळापत्रक लावते, टीव्हीचे हक्क एकगठ्ठा विकते आणि आलेले पैसे वाटून घेते. कॉन्फरन्समध्ये कुणाला घ्यायचं हे तिथले सभासद ठरवतात. खाली घसरण्याची भीती नाही आणि वर चढण्याची शिडीही नाही.

त्यात १९९८ च्या मोसमापासून बीसीएस नावाची व्यवस्था आली. तिची स्वतःची क्रमवारी असे. सहा कॉन्फरन्सच्या विजेत्यांना मोठ्या बोल सामन्यांत थेट प्रवेश : एसीसी, बिग ईस्ट, बिग टेन, बिग १२, पॅक-१० आणि एसईसी. उरलेल्या पाच कॉन्फरन्सना मिळून ठरलेला वाटा एकूण उत्पन्नाच्या ९ टक्के. त्यांच्यातला एखादा संघ मोठ्या बोलपर्यंत पोचलाच तर आणखी ९ टक्के. सहा जणांना मानाचं पान आणि पाच जणांना उरलंसुरलं. याला पंक्तिप्रपंच नाही तर काय म्हणायचं? पण कायद्याच्या भाषेत तो खासगी मंडळींनी आपसात केलेला करार होता.

विमानतळावर जन्मलेली कॉन्फरन्स

माउंटन वेस्ट स्वतः एका फुटीतून जन्मली, आणि ही गोष्ट पुढे तिच्यावरच उलटली. १९९६ मध्ये वेस्टर्न ॲथलेटिक कॉन्फरन्स, म्हणजे डब्ल्यूएसी, फुगून सोळा विद्यापीठांची झाली. ह्यूस्टनपासून होनोलुलूपर्यंत पसारा. चार-चार संघांच्या चौकड्या पाडून वेळापत्रक लावायचे, आणि त्यात जुने शेजारी एकमेकांशी खेळेनासे झाले. १९९८ मध्ये युटा, ब्रिगम यंग (बीवाययू), कोलोरॅडो स्टेट, वायोमिंग आणि एअर फोर्स अकॅडमी या पाच संस्थांचे प्रमुख डेन्व्हर विमानतळावर भेटले आणि वेगळी चूल मांडायचं ठरवलं. न्यू मेक्सिको, सॅन डिएगो स्टेट आणि लास व्हेगासचं यूएनएलव्ही यांना सोबत घेतलं. १९९९ मध्ये आठ जणांची माउंटन वेस्ट सुरू झाली. क्रेग थॉम्पसन हे पहिले कमिशनर, आणि ते २०२२ पर्यंत त्या खुर्चीत राहिले.

पहिली काही वर्षं कुणी फारसं विचारलं नाही. २००४ मध्ये अर्बन मायर प्रशिक्षक आणि ॲलेक्स स्मिथ क्वार्टरबॅक (पास फेकणारा मुख्य खेळाडू) असलेला युटाचा संघ एकही सामना न हरता बीसीएस यादीत सहावा आला. बाहेरच्या कॉन्फरन्सला दार उघडायचं तर तेव्हा पहिल्या सहांत यावं लागे. युटा ऐन रेघेवर बसलं, फिएस्टा बोलमध्ये गेलं आणि पिट्सबर्गला ३५-७ असं लोळवून आलं. सहा बड्यांच्या बाहेरून तिथपर्यंत पोचलेला हा पहिला संघ. २००५ मध्ये टीसीयू माउंटन वेस्टमध्ये आली. आता युटा, बीवाययू आणि टीसीयू असे तीन तगडे संघ एका छताखाली होते.

२००८ चा मोसम हा कॉन्फरन्सचा सुवर्णकाळ म्हणायला हरकत नाही. सप्टेंबरमध्ये बीवाययूने यूसीएलएला ५९-० असं धुतलं, त्याच दिवशी यूएनएलव्हीने ॲरिझोना स्टेटला त्यांच्या घरी हरवलं. बोल सामन्यांआधीच्या नियमित मोसमात माउंटन वेस्टने पॅक-१० विरुद्ध सात सामने खेळले आणि सहा जिंकले. मग शुगर बोलमध्ये युटासमोर अलाबामा. त्याच वर्षी पाच आठवडे पहिल्या क्रमांकावर बसलेलं अलाबामा. पहिल्या क्वार्टरमध्येच २१-०, शेवटी ३१-१७. युटा मोसमात १३-०, म्हणजे तेरा विजय, हार एकही नाही. देशातला एकमेव अपराजित संघ, आणि तरी एपी या वृत्तसंस्थेच्या अंतिम यादीत दुसरा; सोळा पत्रकारांनी पहिल्या क्रमांकाचं मत दिलं, बाकीच्यांपैकी बहुतेकांनी फ्लोरिडाला. बीसीएसच्या अंतिम सामन्यात युटाला खेळायला मिळण्याचा प्रश्नच नव्हता.

इथून कॉन्फरन्सने दोन आघाड्या उघडल्या. एक वॉशिंग्टनमध्ये : २००९ मध्ये काँग्रेसच्या समित्यांसमोर सुनावण्या झाल्या, युटाचे सिनेटर ऑरिन हॅच यांनी एकाधिकारविरोधी कायद्याचा मुद्दा लावून धरला, आणि माउंटन वेस्टने आठ संघांच्या बाद फेरीचा लेखी प्रस्ताव दिला. बीसीएसने तो थंडपणे बाजूला सारला. (पंधरा वर्षांनी बारा संघांची बाद फेरी आली तेव्हा त्याचं श्रेय घ्यायला मात्र सगळेच पुढे होते.) दुसरी आघाडी नियमांच्या आत राहून लढायची होती, आणि अभ्यासायला खरी तीच महत्त्वाची.

तीन कसोट्या

बीसीएसने सातव्या कॉन्फरन्ससाठी दार कागदोपत्री उघडं ठेवलं होतं. २००८ ते २०११ या चार मोसमांची कामगिरी मोजायची आणि तिच्यावरून २०१२ आणि २०१३ साठी थेट प्रवेश द्यायचा की नाही ते ठरवायचं. कसोट्या तीन. पहिली, कॉन्फरन्सचा सर्वांत वरचा संघ दरवर्षी अंतिम बीसीएस यादीत कुठे आहे. दुसरी, कॉन्फरन्समधल्या सगळ्या संघांचा संगणकीय क्रमवारीतला सरासरी क्रमांक. तिसरी, पहिल्या पंचवीसांत किती संघ, कॉन्फरन्सच्या आकारमानाने जुळवून. पहिल्या दोन्हींत पहिल्या सहांत यायचं, तिसरीत सर्वोत्तम कॉन्फरन्सच्या निम्मे तरी गुण मिळवायचे. थोडक्यात हुकलं तर विद्यापीठप्रमुखांच्या समितीकडे सूट मागायची सोय.

पहिली आणि तिसरी कसोटी माउंटन वेस्टच्या पथ्यावर पडणारी होती. घोडं अडत होतं दुसरीत. न्यू मेक्सिकोचा संघ २००९, २०१० आणि २०११ अशी लागोपाठ तीन वर्षं १-११ राहिला. बारा सामन्यांत एक विजय, तीनदा. कोलोरॅडो स्टेट त्याच तीन वर्षांत दरवेळी ३-९. वर टीसीयू १३-० करत असताना तळाशी हे चाललं होतं, आणि संगणक सरासरी काढत होता. बड्या कॉन्फरन्समध्येही असे संघ असतात, पण तिथे तळाचा संघसुद्धा भरल्या स्टेडियमच्या आणि टीव्हीच्या पैशावर चांगले प्रशिक्षक नेमू शकतो. न्यू मेक्सिकोच्या अल्बुकर्कीला ते परवडत नव्हतं. सरासरीची ही कसोटी वरकरणी खेळाची होती, पण ती मोजत होती तळाच्या संघाची ऐपत.

यावर तोडगा म्हणून कॉन्फरन्सने बॉइसी स्टेटकडे नजर वळवली. आयडाहोतलं हे विद्यापीठ, १९८६ पासून निळ्या रंगाच्या कृत्रिम गवतावर खेळणारं. तोपर्यंत दोनदा फिएस्टा बोल जिंकलेलं. दुसऱ्यांदा तर टीसीयूलाच हरवून. हिशेब असा होता की मोजणी २०११ च्या डिसेंबरमध्ये जे सभासद असतील त्यांच्या नावावर होणार, म्हणजे बॉइसीची आधीची वर्षंही माउंटन वेस्टच्या खात्यात जमा. युटा, बीवाययू, टीसीयू आणि बॉइसी एकत्र धरले तर सूट मागायचीही गरज पडली नसती असं त्या वेळी अनेकांना वाटत होतं. मलाही तो हिशेब बरोबर वाटतो.

पण हाच नियम उलटाही लागू होत होता. जो सभासद जाईल तो आपले आकडे सोबत घेऊन जाईल.

२०१० चा उन्हाळा आणि पुढे

११ जून २०१० ला बॉइसी स्टेटने माउंटन वेस्टचं आमंत्रण स्वीकारलं. त्याच आठवड्यात कोलोरॅडो पॅक-१० कडे आणि नेब्रास्का बिग टेनकडे निघाले होते. सगळी गणितं हलत होती. सहा दिवसांनी, १७ जूनला, युटाने पॅक-१० ला होकार कळवला.

सहा दिवस. चार तगडे संघ एकत्र आहेत असं कागदावर म्हणता आलं ते एवढाच काळ, आणि चौघं मिळून एकही मोसम खेळले नाहीत.

युटाला दोष देणं सोपं आहे, पण आकडे बघा. माउंटन वेस्टचा टीव्ही करार वर्षाला साधारण १.२ कोटी डॉलरचा, तोही नऊ जणांत वाटायचा. म्हणजे एका विद्यापीठाला तेरा-चौदा लाख. पॅक-१० ची पॅक-१२ झाल्यावर २०११ मध्ये ईएसपीएन आणि फॉक्सशी जो करार झाला तो बारा वर्षांचा आणि ३०० कोटी डॉलरचा. बारा जणांत वाटला तरी प्रत्येकी वर्षाला सरासरी दोन कोटींच्या वर. एवढ्या फरकापुढे शेजारधर्म आणि जुनी मैत्री किती टिकणार? सॉल्ट लेक सिटीतल्या कुठल्याही विद्यापीठप्रमुखाने तेच केलं असतं.

ऑगस्टमध्ये बीवाययूची पाळी. या विद्यापीठाची गोष्ट वेगळी. मॉर्मन चर्चचं विद्यापीठ, देशभर आणि देशाबाहेरही पसरलेला चाहतावर्ग, स्वतःचं सुसज्ज टीव्ही केंद्र, आणि तरी आपलेच सामने आपल्या वाहिनीवर पुन्हा दाखवायची सोय नाही. त्यांनी फुटबॉलमध्ये कुठल्याच कॉन्फरन्सविना स्वतंत्र खेळायचं आणि बाकीचे खेळ डब्ल्यूएसीमध्ये ठेवायचे असा बेत केला. माउंटन वेस्टने चपळाई करून १८ ऑगस्टला डब्ल्यूएसीमधल्या फ्रेस्नो स्टेट आणि नेव्हाडाला उचललं. बीवाययूच्या पायाखालची फळीच काढायचा डाव. डाव चांगला होता, पण फसला. ३१ ऑगस्टला बीवाययूने ईएसपीएनशी करार करून फुटबॉल स्वतंत्र केला आणि बाकीचे खेळ वेस्ट कोस्ट कॉन्फरन्सकडे नेले. मध्येच डब्ल्यूएसी मात्र मोडकळीला आली. २०१२ नंतर तिथलं फुटबॉलच बंद पडलं. माउंटन वेस्टला जे वरचे करत होते तेच ती खालच्यांना करत होती, आणि तेही बिनदिक्कत.

२९ नोव्हेंबरला टीसीयूने बिग ईस्टचं आमंत्रण घेतलं. टेक्सासमधल्या फोर्ट वर्थचा संघ पूर्व किनाऱ्याच्या कॉन्फरन्समध्ये! नकाशा हातात घेतला तर हसू येतं. पण बिग ईस्टकडे थेट प्रवेश होता, आणि त्याच मोसमात त्याची किंमत किती वाकडी असू शकते ते सगळ्यांनी पाहिलं. बिग ईस्टचा विजेता कनेक्टिकट, ८-४, क्रमवारीत कुठेच नाही, तरी हक्काने फिएस्टा बोलमध्ये गेला आणि ओक्लाहोमाकडून ४८-२० असा हरला. टीसीयूला मात्र एकही सामना न हरता वाट पाहावी लागली. रोझ बोल मिळाला तो पॅक-१० चा विजेता ओरेगन बीसीएसच्या अंतिम सामन्यात गेल्यामुळे आणि रिकाम्या जागी बाहेरच्या पात्र संघाला घ्यायचंच असा करारात खास नियम असल्यामुळे.

तो सामना पाहिलेल्यांना शेवटची दोन मिनिटं आठवत असतील. विस्कॉन्सिनने टचडाउन केला, म्हणजे चेंडू शेवटच्या पट्ट्यात नेला, फरक दोन गुणांचा. बरोबरीसाठी टचडाउननंतरचा दोन गुणांचा जादा प्रयत्न. पास निघाला आणि टीसीयूच्या टँक कार्डरने उडी मारून तो हातानेच खाली पाडला. रोझ बोलच्या गावी, पासाडिनात, टीसीयूचे जांभळे झेंडे फडकत होते, आणि कॉन्फरन्सच्या कचेरीत, अंदाज करायला हरकत नाही, आनंदाबरोबर एक चडफडही असणार. विजेता दीड वर्षाने निघून जाणार होता.

दिसत नव्हते ते सामने

टीव्हीची गोष्ट इथे थोडी मागे जाऊन सांगायला हवी, कारण या प्रकरणात कॉन्फरन्सने स्वतःच्या हाताने केलेलं सर्वांत मोठं नुकसान तिथे आहे. २००४ च्या सुमाराला ईएसपीएनला माउंटन वेस्टचे सामने आठवड्याच्या मधल्या दिवशी आणि आडवेळी हवे होते. विद्यापीठप्रमुखांना ते रुचलं नाही. विद्यार्थ्यांनी मंगळवारी रात्री का खेळायचं, गावातल्या प्रेक्षकांनी शनिवार सोडून कामाच्या दिवशी का यायचं? प्रश्न रास्त होते. कॉन्फरन्सने सीएसटीव्ही या लहान वाहिनीशी हात मिळवला आणि १ सप्टेंबर २००६ ला 'द माउंटन' ही स्वतःची वाहिनी सुरू केली. एखाद्या कॉन्फरन्सची स्वतंत्र वाहिनी ही अमेरिकेतली पहिलीच. बिग टेन वगैरे नंतर आले.

कल्पना काळाच्या पुढची होती, पण वाहिनी फारशा घरांत पोचलीच नाही. काही शहरांतल्या केबलवर दिसे, उपग्रहावर यायला २००८ उजाडलं. ६ नोव्हेंबर २०१० चा दिवस घ्या. सॉल्ट लेक सिटीत टीसीयू विरुद्ध युटा, दोघंही अपराजित, दोघंही देशातल्या पहिल्या सहांत. ईएसपीएनचा सकाळचा सुप्रसिद्ध 'गेमडे' कार्यक्रम खास त्या मैदानावर आला. देशभर चर्चा झाली, आणि दुपारी खेळ सुरू झाला तेव्हा सामना ईएसपीएनवर नव्हताच. तो सीबीएस कॉलेज स्पोर्ट्सवर (सीएसटीव्हीचं नवं नाव) होता, जी वाहिनी कित्येकांच्या केबलमध्ये नव्हती. टीसीयूने ४७-७ असा फडशा पाडला. बीसीएसच्या क्रमवारीत दोन-तृतीयांश वजन माणसांच्या मतांचं होतं, आणि मत देणाऱ्यांपैकी अनेकांनी असे सामने फक्त दुसऱ्या दिवशीच्या धावफलकात वाचले.

ईएसपीएनचं ऐकलं असतं तर? बॉइसी स्टेटने डब्ल्यूएसीमध्ये असताना मधल्या वारी, रात्री उशिरा, पडेल त्या वेळी सामने खेळले आणि निळं मैदान घराघरांत ओळखीचं करून टाकलं. बॉइसीचं गाव लहान, विद्यापीठ नवं, तरी नाव मोठं झालं ते त्यामुळे. स्वाभिमान राखायचा की दिसायचं, अशी ती निवड होती आणि माउंटन वेस्टने स्वाभिमान निवडला. मला त्याबद्दल आदर वाटतो, पण निर्णय चुकलाच. 'द माउंटन' ३१ मे २०१२ ला बंद झाली.

शेवटचा हिशेब

२०११. मोजणीचं शेवटचं वर्ष. युटा आणि बीवाययू गेले होते, टीसीयू नोटिशीवर होती, बॉइसी नुकतीच आली होती. बॉइसीला घेताना एक अट घातली होती : घरच्या मैदानावर, निळ्या गवतावर, आपसातल्या सामन्यात संपूर्ण निळा पोशाख घालायचा नाही. प्रतिस्पर्ध्यांना खेळाडू दिसत नाहीत अशी तक्रार. आपल्या नव्या तारणहाराचं स्वागत कॉन्फरन्सने असं केलं.

त्या मोसमातला टीसीयू-बॉइसी सामना फोर्ट वर्थला व्हायचा होता. टीसीयू जाणार हे कळल्यावर कॉन्फरन्सने तो बॉइसीला हलवला. जाणाऱ्याला थोडी अद्दल, राहणाऱ्याला थोडी मदत. १२ नोव्हेंबरला टीसीयूने शेवटच्या मिनिटाच्या आसपास टचडाउन केला, एका गुणाची बरोबरी नाकारून दोन गुणांचा जुगार खेळला, जिंकला : ३६-३५. बॉइसीला अगदी शेवटच्या क्षणी फिल्ड गोलची संधी होती. चेंडू खांबाबाहेरून गेला. म्हणजे निघून चाललेल्या संघाने, राहिलेल्या एकमेव बड्या संघाला, त्याच्याच घरी, मुद्दाम हलवलेल्या सामन्यात हरवलं.

परिणाम असा की विजेतेपद टीसीयूला गेलं, पण ती बीसीएस यादीत अठरावी, म्हणजे पात्रतेच्या रेघेखाली. बॉइसी सातवी, पण विजेती नाही, म्हणून हक्क नाही. शुगर बोलने अकराव्या क्रमांकाचं व्हर्जिनिया टेक आणि तेराव्या क्रमांकाचं मिशिगन निवडलं. तिकिटं कोण खपवेल याचा तो व्यवहार होता. बॉइसी लास व्हेगासच्या दुय्यम बोलमध्ये गेली आणि ॲरिझोना स्टेटला ५६-२४ असं हरवून परत आली.

चार वर्षांची मोजणी पूर्ण झाली. कॉन्फरन्सने सूट मागितली, समितीने नाकारली. तोवर बॉइसी आणि सॅन डिएगो स्टेट हे दोघंही बिग ईस्टला होकार देऊन बसले होते.

पुढची गंमत अशी की बिग ईस्टच कोसळली. टीसीयूने तिथे पाऊलही न ठेवता बिग १२ गाठलं. बिग ईस्टमधले एकेक जण गळत गेले, बास्केटबॉलवाली विद्यापीठं नाव घेऊन वेगळी झाली, आणि उरलेल्यांची कॉन्फरन्स वरच्या वर्गातून बाहेर फेकली गेली. बॉइसी आणि सॅन डिएगो माघारी आले. येताना बॉइसीने टीव्हीच्या पैशात जादा वाटा मागून घेतला, आणि निळ्या पोशाखाची अटही रद्द करून घेतली. पुढे तो जादा वाटा वर्षाला १८ लाख डॉलर असा ठरला आणि २०२० मध्ये त्यावरून जाहीर भांडण झालं.

मधली दहा-बारा वर्षं फार सांगण्यासारखी नाहीत. फुटबॉलमध्ये माउंटन वेस्ट 'बाकीच्या पाचां'तली एक म्हणून नांदली.

बास्केटबॉलमध्ये मात्र चित्र वेगळं होतं, आणि ते या प्रकरणाला नेमका छेद देतं. एनसीएए या कॉलेज खेळांच्या संघटनेच्या बास्केटबॉल स्पर्धेत ६८ संघ असतात आणि प्रत्येक कॉन्फरन्सच्या विजेत्याला हक्काची जागा असते. २०२३ मध्ये सॅन डिएगो स्टेट अंतिम सामन्यापर्यंत गेली, कनेक्टिकटकडून ७६-५९ अशी हरली. २०२४ मध्ये माउंटन वेस्टचे तब्बल सहा संघ स्पर्धेत होते. हीच विद्यापीठं, जवळपास हेच पैसे, हाच भूगोल. फरक होता दाराच्या रुंदीत. म्हणून 'छोट्यांची कुवतच नाही' हे जे फुटबॉलबद्दल सहज म्हटलं जातं ते मला पटत नाही.

मग त्यांना जमलं का नाही? माझं मत असं की प्रश्नच थोडा चुकीच्या जागी विचारला जातो. माउंटन वेस्टमधली विद्यापीठं वर गेलीच. टीसीयू जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय विजेतेपदाच्या सामन्यात खेळली (जॉर्जियाने ६५-७ असा धुव्वा उडवला, ते सोडा). बीवाययू २०२३ मध्ये बिग १२ मध्ये आली, पॅक-१२ फुटल्यावर २०२४ मध्ये युटाही तिथेच. म्हणजे २००८ चे ते तिघं आज पुन्हा एकाच कॉन्फरन्समध्ये आहेत, फक्त तिचं नाव बिग १२ आहे. वरचे वर्ग नवा सभासद घेतात तो एकेक करून, निवडून. संपूर्ण कॉन्फरन्सला आत घेण्यात त्यांना काहीच फायदा नाही. न्यू मेक्सिकोचा वाटा कोण उचलणार? त्यामुळे छोटी कॉन्फरन्स जितकी चांगली खेळते तितके तिचे चांगले संघ बाजारात महाग होतात आणि लवकर जातात.

हे थांबवायचा एकच उपाय असतो : सभासदांनी आपले टीव्ही हक्क लांब मुदतीसाठी कॉन्फरन्सच्या नावे लिहून देणं. मग संघ गेला तरी त्याच्या घरच्या सामन्यांचे पैसे मागेच राहतात. बिग १२ ने २०१२ मध्ये हेच केलं, तेरा वर्षांसाठी, आणि विखरत चाललेलं घर सावरलं. पण त्यांच्या हक्कांना तेवढं मोल होतं. तेरा लाख डॉलरसाठी युटाने तेरा वर्षांचं बंधन कशाला घालून घेतलं असतं?

डिसेंबर २०२४ मध्ये, बारा संघांच्या पहिल्याच बाद फेरीत, बॉइसी स्टेटला तिसरं मानांकन आणि पहिल्या फेरीतून सूट मिळाली. बॉइसीच्या ॲश्टन जेंटीने मोसमात धावून २६०१ यार्ड काढले होते. फिएस्टा बोलमध्ये पेन स्टेटने त्यांना ३१-१४ असं हरवलं. माउंटन वेस्टच्या विजेत्याला कॉलेज फुटबॉलने अखेर मोठ्या टेबलावर बसवलं, पण त्याआधी तीन महिने, १२ सप्टेंबरला, बॉइसी, फ्रेस्नो स्टेट, सॅन डिएगो स्टेट आणि कोलोरॅडो स्टेट यांनी जुलै २०२६ पासून पॅक-१२ मध्ये जायचं जाहीर केलं होतं. पाठोपाठ युटा स्टेट. पॅक-१२ म्हणजे तेव्हा दहा विद्यापीठं सोडून गेल्यावर ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट या दोघांपुरतं उरलेलं नाव. पाच सभासद पळवल्याबद्दल माउंटन वेस्टने ५.५ कोटी डॉलरचा दंड मागितला, पॅक-१२ ने तो अमान्य करून न्यायालयात धाव घेतली.

माउंटन वेस्टने रिकाम्या जागा भरायला टेक्सासच्या एल पासोतलं विद्यापीठ घेतलं, हवाईला पूर्ण सभासद केलं, आणि फुटबॉलपुरतं थेट इलिनॉयमधलं नॉर्दर्न इलिनॉय आणलं. होनोलुलूपासून शिकागोच्या शेजारापर्यंत, म्हणजे १९९६ च्या डब्ल्यूएसीलाही लाजवील असा पसारा. आणि बाद फेरीच्या पैशांचं २०२६ पासूनचं वाटप ठरलं तेव्हा बिग टेन आणि एसईसीला मिळून साधारण ५८ टक्के गेले. खालच्या कॉन्फरन्सना सगळ्यांना मिळून साधारण ९.